पंचाहत्तर टाकून बघ

कांबळे मॅडमच्या कॉम्प्युटर लॅबच्या दारात, फरशीवर, खडूची एक पांढरी रेघ असायची. फरशी पुसली की ती जायची आणि दुसऱ्या दिवशी मॅडम पदर खोचून, वाकून ती पुन्हा ओढायच्या. अकरावीच्या पहिल्या दिवशी मी चपला बाहेर काढल्या आणि आत कुठं जागा आहे ते बघत नेमकी त्या रेघेवरच उभी राहिले. आतून आवाज आला, "ए लाल ओढणी, तू आत हायस का बाहेर?"

मी पायाकडं बघितलं. बोटं आत, टाचा बाहेर. "अर्धी-अर्धी, मॅडम," मी म्हटलं. मागच्या पोरी फिदीफिदी हसल्या.

"अर्धं-बिर्धं मशीनला कळत न्हाई. ठरव."

"तुम्हीच सांगा की मग."

"सांगते. रेघेवरचा माणूस कुणाचा, हे आधी लिहून ठेवावं लागतं. न्हाई लिहिलं तर तो कुणाचाच नसतो. आता आत ये, पंखा चालू हाय तोवर बस."

मला वाटलं, बाई चक्रम आहे. मी जळकोटहून आलेली, वडील तिथल्या शाळेत हेडमास्तर, घरात माझ्या हुशारीचं फार कौतुक. अशा कौतुकानं डोकं जितकं फिरतं तितकं माझं फिरलेलं होतं. लातूरला येऊन दोन दिवस झाले होते आणि एक क्लार्क किंवा शिपाई दिसते अशी, सुती साडीतली, मनगटावर पुरुषी घड्याळ बांधलेली बाई मला आत का बाहेर विचारते म्हणजे काय! हे सगळं मी त्याच दिवशी मेसमध्ये वरण-भातासोबत सगळ्यांना वाढलं.

तेव्हा भूकंपाला आठ-नऊ वर्षं झाली होती आणि लातूरमध्ये पोरापोरींचा पूर आला होता. हदगाव, देगलूर, उदगीर, कुठून कुठून एसट्या भरून मुलं यायची. ज्या घरात एक खोली जास्त होती तिथं चार कॉट टाकून मेस निघालेली. गल्लीच्या तोंडाशी फिजिक्स, मधे केमिस्ट्री, शेवटाला गणित. कॉम्प्युटर हा आमच्यासाठी विषयच नव्हता खरं तर. दुसऱ्या भाषेच्या जागी दोनशे मार्कांचा बायफोकल विषय घेता यायचा, आणि कॉम्प्युटर घेतला तर दोनशेपैकी दोनशे पडतात हे आम्हाला गावातून निघतानाच सांगितलेलं होतं. शिकायचा तो फिजिक्स, पाठ करायचा तो कॉम्प्युटर, असा साधा हिशोब होता. कांबळे मॅडमला तो हिशोब मान्य नव्हता. तिथूनच सगळं भांडण सुरू झालं.

मॅडम कॉलेजात कायम नव्हत्या. तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जूनमध्ये बोलावणं आलं तर नोकरी, नाहीतर नाही. पण वागायच्या अशा की कॉलेज त्यांच्याच आज्यानं बांधलंय. लाईट गेली की बाकीचे मास्तर खडू खिशात टाकून चहाला निघत. मॅडम म्हणायच्या, "लाईट मशीनची गेली, तुमची न्हाई. चला व्हरांड्यात." मग व्हरांड्यात आम्हीच मशीन व्हायचो. एका पोरीच्या हातात पाटी द्यायच्या, तिचं नाव ए. दुसरीच्या हातात पाटी, ती बी. मॅडम फळ्यावर ओळ लिहायच्या आणि आम्ही पाट्या पुसून नवे आकडे लिहायचो. ए बरोबर ए अधिक एक, असं कुणी वाचलं की चिडायच्या. "आगं, पाच बरोबर सहा कधी होतंय का? ते बरोबरचं चिन्ह न्हाई, तो हुकूम हाय. ए मध्ये ए अधिक एक ठेव, असं वाच. बरोबरचं चिन्ह एकदा काढलं तर हुकूम, लागोपाठ दोनदा काढलं तर सवाल. हुकूम देऊन राहिल्यात का सवाल विचारून राहिल्यात, ते आधी तुमचं तुम्हाला कळू द्या."

भागाकारावर त्यांचा खास राग होता. सात भागिले दोन, मशीन तीन सांगतं. अर्धा टाकून देतं, कारण आपण त्याला पूर्णांकच ठेवायला सांगितलेला असतो. "बघा, उरलेलं कसं गुपचूप टाकून देतंय!" असं त्या म्हणायच्या, जणू मशीननं चोरीच केली. मग टक्क्याचं चिन्ह काढायच्या, जे तिथं टक्क्यासाठी नसतंच, बाकी काढण्यासाठी असतं. "हे चिन्ह विसरायचं न्हाई. उरलेल्याला विचारणारं एवढं एकच हाय." आणि उद्गारचिन्ह, ज्याचा अर्थ मशीनच्या भाषेत 'नाही', ते फळ्यावर काढलं की त्यांचा चेहरा खुलायचा. "हे माझं लाडकं. कितीबी मोठं वाक्य असू द्या, पुढं हे एक लावलं की सगळं उलटं. नाही म्हणायला एवढीच जागा लागती, पोरींनो."

प्राचार्यांना मॅडमचा हा स्वभाव एकदा चांगलाच भोवला. गेटवर नोटीस लागली होती: गणवेश आणि ओळखपत्र किंवा पालकांचे पत्र असेल तरच आत सोडले जाईल. आमच्या सहा-सात जणी साध्या ड्रेसमध्ये, ओळखपत्र नाही, फक्त घरून आणलेलं पत्र घेऊन आल्या. शिपाई सोडेना. मॅडम आल्या, नोटीस दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "सोड त्यांना. 'आणि' आधी जुळतं, 'किंवा' नंतर. गणवेश-ओळखपत्राची जोडी एकीकडं, पत्र एकीकडं. नुसतं पत्र हाय, पुरे हाय." प्राचार्य बाहेर आले, म्हणाले, गणवेश तर पाहिजेच, असा अर्थ आहे. मॅडम म्हणाल्या, "मग कंस घाला ना सर." आणि खडूनं नोटीसबोर्डाच्या काचेवर कंस काढून दाखवला! संध्याकाळी नवी नोटीस लागली, टाईप केलेली, आत खरोखर कंस. आम्ही हसून हसून बेजार. प्राचार्य मात्र हसले नसावेत.

हे सगळं मजेचं होतं तोपर्यंत मी मॅडमच्या बाजूची होते. बारावीला नोट्स आल्या आणि माझी बाजू बदलली, ते आता स्वच्छ सांगते.

पिवळ्या कव्हरच्या, स्पायरल घातलेल्या त्या नोट्स शहरातले एक मोठे क्लासवाले सर काढायचे. आम्ही त्यांना नोट्सवाले सरच म्हणायचो. ते कॉलेजच्या कमिटीवर होते आणि त्यांचा शब्द प्राचार्यांच्या शब्दाच्या वर चालायचा. नोट्समध्ये प्रॅक्टिकलला येणारे सगळे प्रोग्राम उत्तरांसकट. परीक्षा घ्यायला बाहेरून येणारे परीक्षकसुद्धा त्याच नोट्स समोर उघडून ठेवतात, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. त्यातला चौदावा प्रोग्राम असा: पंचाहत्तर आणि त्याहून अधिक गुण असतील तर 'डिस्टिंक्शन' छापा, नाहीतर 'पास'. खाली छापलेलं उत्तर, त्यात चिन्ह होतं '>'. म्हणजे पंचाहत्तरपेक्षा मोठं. बास.

मॅडमनी तो चालवायला लावला. चौऱ्याहत्तर टाकले, पास. शहात्तर टाकले, डिस्टिंक्शन. मी म्हटलं, "झालं की मॅडम, बरोबर आहे."

"पंचाहत्तर टाकून बघ."

टाकले. मशीननं छापलं, पास.

"आता सांग, त्या पोरीचं काय करायचं? पंचाहत्तर घेतलेत तिनं, नेमके. तुझ्या पुस्तकात तिला जागाच न्हाई." मग सगळ्यांना लाल पेन काढायला लावलं आणि छापलेल्या चिन्हाच्या शेजारी एक बरोबरचं चिन्ह लिहायला लावलं, म्हणजे '>=', मोठं किंवा बरोबर. त्या दिवसापासून प्रत्येक प्रोग्रामला तेच. "मधला कुणीबी टाकतंय. काठावरचा टाका. चूक राहायला येती ती काठावरच." चौदावाच नव्हे, नोट्समध्ये तसे आणखी चार-पाच निघाले. आमच्या पिवळ्या नोट्स लालेलाल झाल्या.

आठवड्याभरात नोट्सवाले सर स्वतः लॅबमध्ये आले. चपला न काढता आले, हे मला आजही आठवतं. म्हणाले, "मॅडम, परीक्षक हे बघून तपासतात. उत्तर जुळलं नाही की दोन मार्क गेले. पोरींचं नुकसान कोण भरून देणार, तुम्ही?"

"सर, पंचाहत्तर टाकून बघा ना एकदा."

"मी काय टाकून बघायचं? इतकी वर्षं छापतोय, कुणाची तक्रार नाही."

"इतकी वर्षं कुणी टाकलंच न्हाई, म्हणून तर म्हणायलेय."

सर गेले. आम्ही मनात टाळ्या वाजवल्या. पण मेसवर जाऊन अंथरुणावर पडले आणि मी मार्क मोजायला लागले. माझं फिजिक्स कच्चं होतं. मेरिटमध्ये यायचं तर बायफोकलचे दोनशेपैकी दोनशे पाहिजेतच, एकसुद्धा कमी चालणार नव्हता. जळकोटला वडिलांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं. आणि ही बाई एका चिन्हासाठी आमचे दोन मार्क घालवायला निघालेली! मेसमधल्या एक-दोघी वर म्हणाल्या, "त्यांना काय, त्यांच्या लोकांचं कसंही होऊनच जातं." मॅडम बौद्ध होत्या, बोलण्याचा रोख तो होता. होऊनच जातं म्हणे! तासिकेवर राबणाऱ्या बाईचं काय होऊन गेलं होतं? पण मी तेव्हा हे बोलले नाही. मी हसले. खोटं कशाला सांगू, हसले.

आणि अर्ज मीच लिहिला. अक्षर माझं चांगलं, म्हणून पोरींनी मलाच बसवलं. प्राचार्यांना विनंती की कांबळे मॅडम नोट्सप्रमाणे शिकवत नाहीत. प्रत्येक प्रोग्राम मशीनवर चालवून दाखवायला लावतात. एकेका चिन्हावर तासच्या तास घालवतात. छापील उत्तरावर लाल पेनाने दुरुस्त्या करायला लावतात. लाईट नसली तरी तास सोडत नाहीत. तरी योग्य ती कारवाई व्हावी. खाली एकवीस सह्या. सही मी केली नाही, अक्षर माझं आहे तर सही कशाला, असं म्हणून मी शहाणपणा केला. एवढी मी शूर.

चार दिवसांनी मॅडम वर्गात आल्या तेव्हा त्यांच्या हातात कॉलेजचं पत्र होतं आणि त्याला जोडलेली आमच्या अर्जाची झेरॉक्स. मला वाटलं आता फाडून खातात. त्यांनी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. प्रॅक्टिकल परीक्षेआधी सर्व विद्यार्थिनींना नोट्सप्रमाणे उत्तर लिहिण्याच्या लेखी सूचना द्याव्यात, अन्यथा पुढील वर्षी तासिका देता येणार नाहीत. पत्र घडी घालून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि टेबलालाच टेकून उभ्या राहिल्या.

"मी औसा तालुक्यातली," त्या म्हणाल्या. "भूकंपात आमचं घर गेलं. आई-बाबा दोघंबी गेले. मी बारावीला, औशाला वसतिगृहात होते म्हणून राहिले. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये याद्या लागल्या, नवीन घरांच्या. नियम लिहिलेला होता, अठरा आणि त्याहून अधिक वयाचा एकटा वारस असंल तर त्याच्या नावानं स्वतंत्र घर. मी अठराची. यादीत माझं नाव न्हाई. आमच्या गावातल्या आणखी दोन अठराच्यांचं न्हाई. एकोणिसाच्यांचं हाय, विसाच्यांचं हाय. मला चुलत्याच्या घरात दाखवलेलं. मी टेबलावरच्या माणसाला विचारलं, तर म्हणाला, यादी कॉम्प्युटरनं काढलीय, आमच्या हातात काय न्हाई."

त्यांनी डस्टर उचललं आणि फळा पुसला.

"म्हटलं, कॉम्प्युटर कुठं बसतो? लातूरला. आले लातूरला. विचारत विचारत त्या खोलीपर्यंत गेले. तिथं एक माणूस बसलेला, चांगला होता बिचारा. म्हणाला, मला साहेबांनी सांगितलं अठराच्या वरचे काढ, मी काढले. मी म्हटलं, दाखवा. त्यानं दाखवलं. एवढं चिन्ह." त्यांनी फळ्यावर '>' काढलं. "शेजारी आणखी एक चिन्ह पाहिजे होतं. त्याला एक बटण दाबायचं होतं फक्त. पण नव्या यादीवर सही लागत होती, आणि ती सही काय आली न्हाई. मी दोन वर्षं खेटे घातले. मग सोडून दिलं आणि नांदेडला जाऊन कॉम्प्युटर शिकले. म्हटलं, हे चिन्ह जिथं लिहितात त्या खुर्चीवर आपणच बसू. मशीन काय काढत न्हाई, पोरींनो. कुणीतरी लिहितं, मग ते काढतं."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. त्या माझ्याकडं बघतही नव्हत्या.

"मी लेखी सूचना देणार न्हाई," त्या म्हणाल्या. "चुकीचं मी माझ्या हातानं लिहून देत नसते. तुम्ही काय लिहायचं ते तुमचं तुम्ही बघा. तुमचे मार्क हाईत, मला त्याची जाण हाय. परीक्षेला मी तुमच्या मागं उभी असंन, पण एक शब्द बोलणार न्हाई. चला, पाट्या घ्या."

प्रॅक्टिकलच्या दिवशी परीक्षक नांदेडकडून आले होते. थकलेला, सज्जन वाटणारा माणूस. त्यांच्या टेबलावर चहाचा कप, पाण्याचा तांब्या आणि पिवळ्या नोट्स, उघडलेल्या. दारात नोट्सवाले सर येरझाऱ्या घालत होते. चिठ्ठ्या काढायच्या होत्या. मी उचलली, उघडली, चौदा. देवानं माझं अक्षर ओळखलं होतं बहुतेक.

मशीनसमोर बसले. निळा पडदा. सगळं टाईप केलं आणि त्या ओळीवर येऊन थांबले. मागं मॅडम उभ्या होत्या, त्यांच्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू येत होती, किंवा वाटत होतं तसं. मी '>' टाईप केलं. हो, नोट्सप्रमाणे. दोन मार्क, मेरिट, वडील, सगळं एका बोटात आलं आणि मी ते बोट दाबलं.

परीक्षक आले. नोट्सकडं एक नजर, पडद्याकडं एक. "ऐंशी टाक." डिस्टिंक्शन. "चाळीस टाक." पास. "छान, छान," म्हणाले आणि मार्क लिहायला त्यांनी पेन उघडलं.

मी मान वळवून मॅडमकडं बघितलं. वाटलं, रागानं बघत असतील, निदान मान तरी हलवतील. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. शब्द दिला होता ना, बोलणार नाही म्हणून! माझे दोन मार्क वाचत होते, त्यांची नोकरी चालली होती, आणि तरीही बाई गप्प. मला त्यांचा असा संताप आला, आणि त्याच्या दुप्पट माझा स्वतःचा, की काय करतेय ते कळायच्या आत मी बोलून गेले होते.

"सर, थांबा. पंचाहत्तर टाकते."

टाकले. पडद्यावर आलं, पास.

"मग?" परीक्षक म्हणाले.

"प्रश्नात 'पंचाहत्तर आणि त्याहून अधिक' आहे, सर. माझं चुकलंय." मी आत गेले, चिन्हाशेजारी चिन्ह घातलं, पुन्हा चालवलं, पुन्हा पंचाहत्तर टाकले. डिस्टिंक्शन.

त्यांनी प्रश्न वाचला, नोट्स वाचल्या, पडदा वाचला. दारातून नोट्सवाले सर म्हणाले, "मॉडेल उत्तरात हे नाही. तिनं उत्तर बदललं, तपासून झाल्यावर."

"सर, नोट्स कधी मशीनवर बसल्या नाहीत," मी म्हटलं. 

परीक्षकांनी एक सुस्कारा सोडला आणि दोन मार्क कापले. माझ्या डोळ्यांसमोर कापले. ते बिचारे तरी काय करणार, पुस्तकाबाहेर जायची त्यांना सवय नव्हती.

ते शेजारच्या संगीताकडं वळले. तिचा प्रोग्राम वेगळा होता, मतदानाच्या वयाचा. ती मेसमधली माझी कॉटशेजारीण, अर्जावर पहिली सही तिची. परीक्षक म्हणाले, "वीस टाक." संगीता म्हणाली, "सर, आधी अठरा टाकते." तिनं ते आधीच बरोबर लिहिलेलं होतं, चिन्ह चिन्हाशेजारी. पलीकडची म्हणाली, "सर, माझ्यात पस्तीस टाकून बघा, काठावरचं." तिच्या पलीकडची तर विचारायला थांबलीच नाही. लॅबभर बटणांचा खडखडाट सुरू झाला, आणि प्रत्येक पडद्यावर काठावरचा आकडा. ज्या पोरींनी पंधरा दिवसांपूर्वी कारवाई व्हावी म्हणून सह्या केल्या होत्या त्याच ह्या! मी हुंदका दाबत बसले होते आणि हसायलाही येत होतं.

परीक्षकांनी पेन ठेवून दिलं. "मॅडम, हे तुम्ही शिकवलंत?"

"हाव," मॅडम म्हणाल्या. दिवसभरातला तो त्यांचा पहिला शब्द.

संगीतापासून पुढं परीक्षकांनी कुणाचे मार्क कापले नाहीत. मार्कांच्या तक्त्यावर कॉलेजच्या बाजूनं मॅडमची सही लागायची. त्यांनी सही केली आणि शेऱ्याच्या जागी, माझ्या नावापुढं लिहिलं: विद्यार्थिनीचे उत्तर बरोबर, नोट्समधील चुकीचे, मशीनवर चालवून पाहावे. प्राचार्यांनी तो शेरा खोडायला सांगितला. त्यांनी खोडला नाही. जूनमध्ये त्यांना बोलावणं आलं नाही.

मला दोनशेपैकी एकशे अठ्ठ्याण्णव पडले. मेरिट गेलं. जळकोटच्या घरी आठ दिवस सुतक असल्यासारखं होतं. वडील एकदाच म्हणाले, "काय गरज होती गं?" मी म्हटलं, "होती." त्यापुढं ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं. ते दोन मार्क मी आजही कुणाला परत मागणार नाही. पण मॅडमची नोकरी माझ्या अक्षरानं गेली, हे मला गिळता येत नव्हतं. परीक्षेत मी काय केलं ते केलं, अर्ज त्याच्या आधीचा होता. निरोपाला जायचंही धाडस झालं नाही. औशाच्या गाडीत बसताना संगीतानं त्यांना पाहिलं, एवढंच कळलं.

पुढं मी शिकले, नांदेडला एका संस्थेत पोरांना प्रोग्रामिंग शिकवायला लागले. एका प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून दुसऱ्या संस्थेत गेले, तर लॅबमध्ये चष्मा लावलेल्या, केस पांढरे झालेल्या कांबळे मॅडम. तिथं त्या कायम होत्या, विभागप्रमुख होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. पोरांची परीक्षा झाली, चहा आला, इकडचं तिकडचं झालं, आणि मला राहवेना. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, "मॅडम, तो अर्ज मी लिहिला होता."

"हाव, माहीत हाय की."

"माहीत होतं?"

"आगं, दोन वर्षं तुझं जर्नल तपासलंय मी. अक्षर न्हाई का कळणार?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत? रागवायचं तरी!"

"कशाला? अर्जात एक शब्द तरी खोटा होता का? मी न्हाईच शिकवत नोट्सप्रमाणे."

मला रडूच आलं. मॅडमना रडणाऱ्या माणसाचं काय करावं ते कधीच कळत नसे. त्या उठल्या, कपाट उघडलं आणि एक जुनी फाईल माझ्यापुढं टाकली. "त्या कॉलेजनं मला अनुभवाचा दाखला दिला न्हाई," त्या म्हणाल्या. "इथं मुलाखतीला आले तर म्हणाले, आधीच्या ठिकाणी कसं शिकवत होता याचा काही कागद हाय का? माझ्याकडं एकच कागद होता. तो दिला."

फाईलमध्ये, त्यांच्या मार्कलिस्टांच्या वर, माझा अर्ज होता. प्रत्येक प्रोग्राम मशीनवर चालवून दाखवायला लावतात. एकेका चिन्हावर तासच्या तास घालवतात. लाईट नसली तरी तास सोडत नाहीत. खाली एकवीस सह्या.

"मग?" मी विचारलं. "काय म्हणाले ते?"

"त्यांनी वाचला. परत एकदा वाचला. म्हणाले, सोमवारपासून या."